बौद्धिक दिव्यांग प्रौढांना स्वतःची खरेदी स्वतः करायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बौद्धिक दिव्यांगत्व, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्या प्रौढांचे पालक, भावंडे आणि कार्यशाळांतील निदेशक आम्हाला वेळोवेळी जे प्रश्न विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावी रोजची खरेदी जशी होते, म्हणजे कोपऱ्यावरचा किराणा, मंडई, औषधांचे दुकान आणि मोठे स्वयंसेवा दुकान (सुपरमार्केट), ती डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. त्याला बेरीज-वजाबाकी येत नाही. तो खरेदी कशी शिकणार?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि याच एका समजुतीपायी अनेकांची वर्षे वाया गेलेली आम्ही पाहिली आहेत. आधी अंक, मग बेरीज, मग वजाबाकी, मग नाणी आणि हे सगळे पक्के झाल्यावर दुकान, अशी उतरंड घरात आणि शाळेतही रचली जाते. वजाबाकी येत नाही, म्हणून दुकान कधीच येत नाही. वास्तविक काय हवे ते ठरवणे, दुकानापर्यंत जाणे, वस्तू मागणे, पुरेसे पैसे देणे, उरलेले पैसे घेणे आणि वस्तू घरी आणणे या साखळीत वजाबाकी फक्त एका कडीत लागते. तीही न लागावी अशी सोय करता येते. ती सोय कशी करायची, हे पुढे सविस्तर दिले आहे. मुलाला काय हवे ते त्याला ठरवता येत असेल, तर त्याची तयारी झालेली आहे असे समजावे.

वय निघून गेले नाही का?

नाही. विशेष शाळा साधारणपणे वयाच्या अठराव्या वर्षी संपते आणि खरेदीची खरी गरज त्यानंतर सुरू होते. प्रौढाला स्वतःच्या दाढीचे ब्लेड, सॅनिटरी पॅड, आवडते फरसाण, आईच्या वाढदिवसाची भेट अशा गोष्टी हव्या असतात. अशी कारणे आठ वर्षांच्या मुलाजवळ नसतात आणि कारण असले की शिकणे टिकते.

सुरुवात नेमकी कोठून करावी?

एक दुकान, एक वस्तू, एक ठरलेली वेळ. घरापासून चालत जाता येईल आणि मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही, असे दुकान निवडावे. वस्तू शिकणाऱ्याच्या आवडीची असावी. घरातले मीठ संपले म्हणून त्याला पाठवण्यापेक्षा त्याला हवी असलेली बिस्किटे आणण्यापासून सुरुवात करावी. संध्याकाळी सात ते नऊ ही गर्दीची वेळ टाळावी. दिवाळीचा आणि गणपतीचा आठवडा, तसेच महिन्याचे पहिले चार-पाच दिवसही शिकण्यासाठी योग्य नाहीत, कारण तेव्हा दुकानदाराजवळ थांबायला वेळ नसतो.

त्यानंतर संपूर्ण कृतीचे लहान टप्पे लिहून काढावेत. पाकीट खिशात ठेवणे, चिठ्ठी घेणे, दुकानापर्यंत चालणे, आपली पाळी येईपर्यंत उभे राहणे, दुकानदाराकडे पाहून वस्तू सांगणे, नोट देणे, परत आलेले पैसे पाकिटात ठेवणे, पिशवी उचलणे, असे दहा-बारा टप्पे होतात. प्रत्येक फेरीनंतर कोणता टप्पा कोणाच्याही मदतीशिवाय झाला, कोठे खूण करावी लागली आणि कोठे हात धरावा लागला, एवढीच नोंद वहीत करावी.

शिकवणे शेवटच्या टप्प्यापासून सुरू करण्याची पद्धत आमच्या अनुभवात फार उपयोगी पडते. पहिल्या काही फेऱ्यांत बाकी सर्व आपण करावे आणि पिशवी घेऊन बाहेर पडणे एवढेच त्याच्याकडे द्यावे; मग पैसे पाकिटात ठेवणे, मग नोट देणे, असे मागे मागे यावे. यात प्रत्येक फेरी त्याच्या हातून पूर्ण होते आणि वस्तू दर वेळी त्याच्याच हातात असते.

घरी खोट्या नोटा आणि मांडलेले दुकान वापरून सराव करावा का?

दुकानात काय बोलायचे याचा सराव घरी अवश्य करावा. पैसे मात्र खरेच असावेत. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लागू करणे अवघड जाते, हे त्यांच्यासोबत काम करणारा प्रत्येक जण जाणतो. खेळण्यातल्या कोऱ्या करकरीत नोटेवर शिकलेली व्यक्ती घडी पडलेली, मळकी खरी नोट पाहून थबकते. शिवाय ३१ वर्षांच्या माणसाच्या हातात खेळण्यातले पैसे देणे हा त्याचा मान राखणेही नव्हे.

नोटा आणि नाणी ओळखायला कसे शिकवावे?

अंक वाचता येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर रंग आणि चित्र पुरेसे आहे. सध्याच्या मालिकेत दहाची नोट चॉकलेटी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची फिकट जांभळी, दोनशेची गडद पिवळी आणि पाचशेची राखाडी आहे. मागील बाजूस दहावर कोणार्कचे सूर्यमंदिर, वीसवर वेरूळची लेणी, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर, दोनशेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेवर लाल किल्ला आहे. वेरूळ पाहिलेल्या कुटुंबांनी त्या सहलीचा फोटो नोटेशेजारी ठेवावा. आमच्याकडे एका मुलीला वीसची नोट याच एका फोटोने कायमची लक्षात राहिली.

सर्वांत जास्त घोटाळा वीस आणि दोनशे या दोन पिवळसर नोटांत होतो आणि तो महाग पडतो. या दोन नोटा सुरुवातीला पाकिटात एकत्र ठेवू नयेत. दोनशेची नोट वीसच्या नोटेपेक्षा १७ मिलिमीटरने लांब आहे. पुठ्ठ्याची वीसच्या मापाची पट्टी पाकिटात ठेवली, तर तिच्याबाहेर आलेली नोट देण्याआधी थांबायचे, अशी खूण शिकवता येते. दुसरी अडचण जुन्या मालिकेतील नोटांची आहे. जुनी शंभरची निळसर नोट अजून चलनात दिसते आणि नव्या पन्नासच्या निळ्या नोटेशी तिची गल्लत होते. म्हणून पाकीट भरताना पहिले काही महिने एकाच मालिकेच्या नोटा निवडून द्याव्यात आणि नंतर मुद्दाम जुनी नोट मिसळून सराव घ्यावा.

नाण्यांत एक आणि दोन रुपयांत फरक करणे डोळस, शिकलेल्या माणसालाही जड जाते. आम्ही त्यावर वेळ घालवत नाही. पाचचे पिवळे नाणे, दहाचे दोन रंगांचे नाणे आणि वीसचे बारा कडांचे नाणे ही तीन ओळखता आली की काम भागते. दहाचे नाणे काही दुकानदार नाकारतात. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे दहाच्या नाण्याच्या तोवर निघालेल्या सर्व १४ रचना वैध आहेत. परंतु शिकणाऱ्याला तो वाद घालायला लावू नये, सुरुवातीला नोटाच द्याव्यात.

दुकानदार तोंडी किंमत सांगतो, ती तिला कळत नाही. काय करावे?

यात तिचा दोष कमी आणि आपल्या संख्यानामांचा अधिक आहे. मराठीत एकक आधी येतो आणि दशक मागून. किती नोटा काढायच्या हे ठरवणारा भाग शब्दाच्या शेवटी असतो आणि तोपर्यंत कानाने सुरुवात पकडलेली असते. ‘पंचेचाळीस’, ‘पंचावन्न’, ‘पंच्याऐंशी’ आणि ‘पंच्याण्णव’ घाईत ऐकले तर सारखेच वाटतात. तिशी आणि चाळिशीपर्यंत शेवट स्पष्ट ऐकू येतो, जसे सदतीस, बेचाळीस. पण पन्नाशीत ‘पन्नास’चे ‘वन्न’ आणि ‘पन्न’ होते, सत्तरीत ‘सत्तर’चे ‘हत्तर’ होते आणि ओळखीचा शब्दच हरवतो. त्यात ‘सव्वाशे’, ‘दीडशे’, ‘पावणेदोनशे’, ‘अडीचशे’ यांची भर पडते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोणाचीही बाजू न घेता एवढे सांगता येईल की, आमच्या शिकणाऱ्यांपैकी काहींना ती पद्धत खरोखर सोपी गेली.

दुकानात मात्र दुकानदार ‘तीस सात’ म्हणणार नाही. म्हणून तिला एक वाक्य पक्के शिकवावे : “काका, आकडा दाखवा.” बहुतेक दुकानदारांच्या हाताशी गणनयंत्र असतेच, ते फिरवून दाखवायला त्यांना काही कष्ट पडत नाहीत. बोलता येत नसेल तर हेच वाक्य चिठ्ठीच्या तळाशी लिहावे.

किती नोटा द्यायच्या, हे हिशेबाशिवाय कसे ठरवावे?

‘एक नोट जास्त’ या रीतीने. गणनयंत्रावर ३७ दिसले तर डावीकडचा अंक ३. तीन दहाच्या नोटा मोजायच्या आणि वर एक जास्त द्यायची. ४२ साठी चार आणि एक, पाच. नेमकी किंमत ४० असली तरी पाच दिल्या जातील आणि एक परत येईल, त्यात काही बिघडत नाही. ही रीत ९९ रुपयांपर्यंत चालते आणि त्यासाठी दहापर्यंत मोजता येणे पुरते. ज्यांना तेवढेही मोजता येत नाही त्यांच्यासाठी वस्तूगणिक लिफाफे करावेत : लिफाफ्यावर दुधाच्या पिशवीचा छाप चिकटवायचा आणि आत त्या वस्तूला पुरतील इतके पैसे ठेवायचे. किंमत वाढली की लिफाफा आपण बदलायचा.

या रीतीसाठी दहाच्या नोटा घरात साठवून ठेवाव्या लागतात. हे काम पालकांनी किंवा भावंडांनी मनावर घ्यावे, कारण सुट्ट्यांवाचून अडलेली फेरी शिकणाऱ्याला स्वतःची चूक वाटते.

परत आलेले पैसे बरोबर आहेत हे त्याला कसे कळेल?

सुरुवातीला कळणार नाही, आणि चालेल. त्याने पावती किंवा आकडा लिहिलेला कागद मागावा, पैसे आणि कागद पाकिटाच्या एका वेगळ्या कप्प्यात ठेवावेत आणि घरी येऊन कोणाबरोबर तरी जुळवून पाहावेत. काही महिन्यांत ‘काहीच परत आले नाही’ हे त्याचे त्याला जाणवू लागते. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून शिकवावी : सुट्ट्यांऐवजी चॉकलेट पुढे केले आणि ते नको असेल, तर “नको, पैसे द्या” असे म्हणायचे. हे वाक्य आमच्याकडे मंडळी फार आवडीने पाठ करतात.

त्याला बोलता येत नाही किंवा त्याचे बोलणे परक्याला समजत नाही. मग?

वस्तूचे रिकामे पाकीट हीच सर्वांत चांगली चिठ्ठी असते. त्यावर नाव, छाप, वजन आणि किंमत सगळे असते आणि दुकानदाराला प्रश्न विचारावा लागत नाही. सुट्या मालासाठी फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘तूरडाळ, अर्धा किलो’ असे लिहावे. आठ-दहा वस्तूंची अशी कार्डे कडीत ओवून कमरपट्ट्याला लावता येतात.

दुकानदाराला आधी सांगून ठेवावे का?

पहिल्या दुकानात सांगावे. मात्र “जरा सांभाळून घ्या हो, बिचारा आहे” असे सांगू नये. “हा दर मंगळवारी सकाळी अकराला येईल, स्वतः मागेल, थोडा वेळ लागेल, प्रश्न त्यालाच विचारा, मला नको,” एवढे पुरे. त्याला नावाने किंवा ‘दादा’ म्हणून हाक मारावी, अशीही विनंती करावी. आपण घरी तिशीतल्या मुलाला ‘बाळा’ म्हणत असलो की दुकानदारही तेच उचलतो. त्यानेही दुकानदाराला काका किंवा दादा, भाजीवालीला मावशी किंवा ताई म्हणावे. हाक मारता आली की बोलण्याची सुरुवात आपोआप होते.

मी शेजारी उभी असते तेव्हा सगळे माझ्याशीच बोलतात. मी काय करू?

हळूहळू दूर जावे. आधी खांद्याशी खांदा, मग दोन पावले मागे, मग दुकानाच्या पायरीखाली, मग रस्त्याच्या पलीकडे. प्रत्येक अंतरावर चार-पाच फेऱ्या व्हाव्यात. आणि शेजारी असताना गप्प राहावे. हे ऐकायला सोपे असले तरी पालकांना सर्वांत जड जाते.

एक प्रसंग सांगते. डाउन सिंड्रोम असलेले चौतीस वर्षांचे एक गृहस्थ पोहे घ्यायला आले होते. दुकानदाराने माझ्याकडे पाहून विचारले, “यांना काय हवंय?” मी फळीवरच्या साबणांकडे पाहत राहिले. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी उलगडली, एकदा वाचली आणि म्हणाले, “पोहे. जाडे. अर्धा किलो.” दुकानदाराने विचारले, “सुटे की पाकिटातले?” हा प्रश्न आमच्या सरावात कधीच आला नव्हता. माझ्या ओठांवर उत्तर आले होते. त्यांनी इकडे-तिकडे पाहिले, दोन पावले चालून गेले आणि पोत्यावर बोट ठेवले. पुढच्या आठवड्यापासून ‘सुटे की पाकिटातले’ हा प्रश्न आमच्या सरावात आला. मी उत्तर देऊन टाकले असते, तर त्यांना पोते दाखवता येते हे मला कळलेच नसते.

मंडई आणि स्वयंसेवा दुकान यांपैकी आधी काय?

दोन्ही किराण्यानंतर. मंडईत भाव बदलतो, वजन होते, आरडाओरडा असतो. तेथे जुडी आणि वाटा यांपासून सुरुवात करावी, कारण ‘वाटा वीस रुपये’ याला एकच नोट लागते. घासाघीस शिकवण्याची गरज नाही. स्वयंसेवा दुकानात बोलावे लागत नाही आणि वस्तू हाताळून निवडता येतात, हा मोठा फायदा आहे. पण झगझगीत दिवे, गाणी आणि रांग यांनी स्वमग्न व्यक्ती हैराण होऊ शकते. दुकान उघडल्यानंतरचा पहिला तास गाठावा, टोपी किंवा कानांवरचे हेडफोन वापरू द्यावेत आणि टोपलीत तीनच वस्तू घ्यायच्या असे आधी ठरवावे. पाकीटबंद वस्तूवर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात, म्हणून ‘छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त द्यायचे नाही’ हा नियम कोठेही उपयोगी पडतो.

मोबाइलवरून पैसे देणे शिकवावे का?

शिकवावे, पण नोटा हाताळता येऊ लागल्यावर. रोख पैसे कमी होताना दिसतात, मोबाइलमधले दिसत नाहीत. वेगळे खाते उघडून त्यात आठवड्यापुरतीच रक्कम ठेवणे हा सर्वांत साधा बंदोबस्त आहे. यूपीआय सर्कल या सोयीत घरातील एक व्यक्ती आपल्या खात्यातून दुसऱ्याला पैसे देण्याची मुभा देऊ शकते. तिचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक व्यवहाराला मुख्य खातेदार मंजुरी देतो. दुसऱ्यात मर्यादेपर्यंत मंजुरी लागत नाही. आम्ही पहिल्या प्रकारापासून सुरुवात करतो. ‘पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो’ हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. त्यात उशीर करू नये.

कायद्याने त्याला स्वतःचे पैसे वापरण्याचा अधिकार आहे का? की कायदेशीर पालकत्व घ्यावेच लागते?

अधिकार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात नेमलेला कायदेशीर पालक आणि ती व्यक्ती यांनी परस्परांच्या विचाराने मिळून निर्णय घेणे अभिप्रेत आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते आणि बँकेच्या कामी ते प्रमाणपत्र अनेकदा मागितले जाते. पण कोपऱ्यावरून साबण आणायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. पालकत्व मिळाले म्हणून त्याच्या खिशातले पाकीट काढून घेऊ नये.

कोणी फसवले तर?

कधीतरी फसवतील. म्हणूनच पाकिटात त्या दिवसापुरतेच पैसे असावेत, म्हणजे नुकसान पन्नास-शंभर रुपयांपलीकडे जाणार नाही. पाकिटात घरचा फोन क्रमांक असलेले कार्ड ठेवावे. त्यावर एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन मात्र चुकूनही लिहू नये. रस्त्यात कोणी पैसे मागितले तर “नाही” म्हणून दुकानात परत जायचे, याचा सराव घ्यावा. आज्ञाधारकपणाचे कौतुक ऐकत वाढलेल्या मुलांना “नाही” म्हणणे मुद्दाम शिकवावे लागते.

तो दर वेळी नको त्या वस्तू घेतो, सगळे पैसे वेफर्सवर घालवतो. थांबवावे का?

त्याचे पैसे असतील तर थांबवू नये. पैसे संपले की आठवडाभर पुन्हा मिळणार नाहीत, एवढेच ठाम ठेवावे. मधुमेहासारखे कारण असेल तर डॉक्टरांसमोर त्याला स्वतःला समजावून सांगावे आणि घेता येतील अशा चार-पाच खाऊंचे फोटो त्याला निवडू द्यावेत. आमच्या एका शिकणाऱ्या बाईंनी पहिले सहा आठवडे फक्त बांगड्या घेतल्या. सातव्या आठवड्यात त्यांनी भाचीसाठी रंगपेटी घेतली. मधल्या काळात त्यांच्या घरच्यांनी आम्हाला चार वेळा फोन केला होता.

अंध किंवा अंशतः अंध शिकणाऱ्यांसाठी वेगळे काय?

शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावदार तिरक्या रेघा असतात : शंभरवर चार, दोनशेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर पाच. जुन्या झालेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप २०२० पासून उपलब्ध आहे. कॅमेऱ्यापुढे धरलेल्या नोटेची किंमत ते बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

मार्गदर्शन कोठे मिळेल?

जवळच्या विशेष शाळेतील किंवा कार्यशाळेतील विशेष शिक्षकांकडे आधी चौकशी करावी. बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबाद येथे असून तिचे विभागीय केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे. मुंबईची जय वकील संस्था १९४४ पासून या क्षेत्रात काम करते. शासकीय योजनांसाठी जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयात जावे. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे.

दुकानदाराने हाकलले किंवा चारचौघांत चेष्टा केली तर काय करावे?

आधी शिकणाऱ्याला सांगावे की चूक त्याची नव्हती. त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत. मग दुकानदाराशी शांतपणे, शक्यतो दुकान रिकामे असताना बोलावे. बहुतेक वेळा अज्ञान असते आणि बोलल्यावर फरक पडतो. फरक पडत नसेल तर दुकान बदलावे. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीला हेतुपुरस्सर अपमानित करणे हा २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हा असून त्याला सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. तक्रार करायची की नाही, हे त्याला विचारून ठरवावे. पुढची फेरी मात्र लांबवू नये. त्याच आठवड्यात, ज्या दुकानात त्याला नावाने हाक मारतात, तेथे त्याच्या आवडीची एखादी वस्तू आणायला त्याने जावे.